कॅम्प २ ते भूमध्य समुद्र: आमच्या हनिमूनचं प्लॅनिंग, एक्सेलसकट

गेल्या भागाखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "अरे, तुम्ही युरोपला पॅकेज घेऊन गेलात की स्वतः केलंत?" स्वतः केलं. कसं केलं ते या भागात सांगतोय. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांना लोकलमध्ये एका हाताने कडी धरून वाचता यावं म्हणून हे लिहून काढलंय. माझे "अं", "म्हणजे बघ" वगैरे बायकोने कापलेत. तरी काही राहिलेत.

आधी पैशाचं सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरलं. लग्न २०२५ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. हनिमूनसाठी दोघांनी मिळून साडेपाच लाख बाजूला ठेवले होते. एप्रिलमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. उल्हासनगरात राहणाऱ्यांना सांगायला नको, २०२१ मध्ये इथे इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, तेव्हापासून "स्ट्रक्चरल ऑडिट" हा शब्द ऐकला की जिन्यात सगळे गप्प होतात. आमच्या बिल्डिंगचं ऑडिट झालं, दुरुस्ती निघाली आणि आमच्या घराचा वाटा आला दीड लाख. बाबा म्हणाले, मी बघतो. आम्ही दोघांनी रात्री गच्चीवर बसून ठरवलं की दीड लाख आम्हीच द्यायचे. उरले चार. मग प्रश्न असा झाला की चार लाखांत भूमध्य समुद्र जमतो का, की सरळ केरळ करून यायचं?

तिचा हट्ट होता समुद्राचा, आणि तोही आपल्यासारखा नाही, निळाशार, डोंगर थेट पाण्यात उतरलेला. माझा हट्ट होता की विमानतळ ते विमानतळ धावपळ नको.

कुठे जायचं, म्हणजे कुठे नाही जायचं

"मेडिटरेनियन हनिमून" म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात सँटोरिनीची पांढरी घरं येतात. आमच्याही आली होती. पण तिथे जायचं म्हणजे अथेन्सहून पुन्हा विमान किंवा काही तासांची फेरी, आणि त्या सूर्यास्त दिसणाऱ्या खोल्यांचे भाव बघून मी लॅपटॉप बंद केला. शिवाय २०२५ च्या सुरुवातीला तिथे भूकंपाच्या धक्क्यांची मालिका लागली होती आणि लोक बेट सोडून गेले होते. क्रोएशिया छान आहे, १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्येही आलाय, पण तिथल्या किनाऱ्यावर रेल्वे फारशी नाही, बस नाहीतर बोट. स्पेन पुढच्या वेळी.

मग मी नकाशावर उलटा विचार केला. आपण कॅम्प २ ची माणसं. गाडी चालवायचा आपल्याला अनुभव नाही, पण बॅगा घेऊन ट्रेनमध्ये चढायचा जन्मजात आहे. असा कुठला किनारा आहे की जिथे ट्रेन समुद्राला चिकटून जाते? सापडला. फ्रान्समधलं नीस, तिथून मोनॅको, मांतों, सीमा ओलांडून इटलीचं व्हेंतिमीलिया, पुढे जेनोवा आणि मग चिंक्वे तेर्रे. हा एक सलग रेल्वेमार्ग आहे. नीस ते व्हेंतिमीलिया प्रादेशिक ट्रेनने साधारण पाऊण ते एक तास, व्हेंतिमीलियाहून जेनोवा दोन तासांच्या आसपास, तिथून पुढे तास-सव्वा तासात लेव्हांतो. खिडकीतून बघताना कोकण रेल्वेची आठवण येते: बोगदा, समुद्र, बोगदा, समुद्र. फोटो काढायला मोबाइल वर करेपर्यंत पुन्हा बोगदा.

विमान मात्र जाताना नीसला उतरणारं आणि येताना मिलानहून निघणारं. बुकिंग करताना "रिटर्न" ऐवजी "मल्टी-सिटी" निवडायचं. लोक हे करत नाहीत आणि मग शेवटचा अख्खा दिवस पहिल्या शहरात परत जाण्यात घालवतात. आमच्या तारखांना दोन्हीच्या भाड्यात हजार-दीड हजाराचाच फरक होता.

कधी जायचं: इथे आई आली

हा भाग नीट समजून घ्या, कारण आपल्याकडचं लग्नाचं कॅलेंडर आणि तिकडच्या समुद्राचं कॅलेंडर जुळत नाही.

आपला पाऊस उन्हाळ्यानंतर येतो, तिकडचा हिवाळ्यात. उन्हाळ्यात तिथे उच्च दाबाचा पट्टा वर सरकून बसतो, म्हणून जून ते ऑगस्ट कोरडं, ऊन रणरणतं. शरद ऋतूपासून अटलांटिककडून पावसाळी वारे यायला लागतात. चिंक्वे तेर्रेमधल्या व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो या गावांत २५ ऑक्टोबर २०११ ला एवढा पाऊस झाला की डोंगरावरचा चिखल गल्ल्यांतून थेट खाली आला. म्हणजे डिसेंबरात लग्न करून लगेच तिकडे जाणाऱ्यांनी एवढं समजून जावं की बोटी बहुतेक बंद, अर्धी दुकानं बंद आणि समुद्र बघण्यापुरता.

मेमध्ये हवा सुंदर असते, पण पाणी अजून गार, कारण समुद्र हळू तापतो. तो हळूच निवतोही. म्हणून सप्टेंबरमध्ये ऊन उतरलेलं, गर्दी ओसरलेली आणि पाणी मात्र कोमट, असा सगळ्यात चांगला काळ मिळतो. सुट्ट्यांचा हंगाम संपत आल्याने हॉटेलंही उतरतात.

पण २०२५ चा सप्टेंबर बघा. ६ तारखेला अनंत चतुर्दशी, ७ ला रात्री खग्रास चंद्रग्रहण, आणि लगेच पितृपक्ष, २१ ला सर्वपित्री, २२ ला घटस्थापना. गणपती सोडून जायचं नाही हे मला मान्यच होतं. नवरात्रात तिची आई घट बसवते, तिला तिथे असायचं होतं. उरले पितृपक्षाचे दोन आठवडे. आई म्हणाली, "पितरांच्या पंधरवड्यात हनिमूनला जातं का कोणी?"

मी लॉजिक लावायला गेलो, ते अर्थातच चाललं नाही. बायकोने आईला एकच विचारलं, "आजोबांचं कधी असतं?" आजोबांचं आम्ही सर्वपित्रीला करतो. म्हणजे २१ ला. "मग आम्ही १९ ला घरी असू," ती म्हणाली, "पानं मीच वाढेन." आईने त्यावर काही उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं की तिकडे थंडी असते का. तारखा ठरल्या: ९ ला पहाटे निघायचं, १८ ला परतीचं विमान, १९ ला घर.

व्हिसा: कुठल्या देशाकडे मागायचा?

आता मुख्य गोष्ट. शेंगेन व्हिसा एकच असतो, पण तो मागायचा कुठल्या देशाकडे हे तुमच्या मर्जीवर नसतं. साधं इफ-एल्स आहे. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे असतील, तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. आमचं नीसमध्ये चार रात्री, लेव्हांतोत चार आणि जेनोवात एक. फ्रान्स चार, इटली पाच. म्हणजे उतरणार फ्रान्समध्ये असलो तरी अर्ज इटलीचा.

इथे गल्लीतला एक एजंट भेटला. नाव नको. तो म्हणाला, "इटलीची अपॉइंटमेंट मिळत नाही आता. दुसऱ्या देशाची मिळते, तिथली हॉटेलं डमी लावतो, व्हिसा आला की कॅन्सल. सगळे करतात." मला खरं तर पटायला लागलं होतं. रोज रात्री बारा वाजता पोर्टल रिफ्रेश करून मी थकलो होतो. बायको म्हणाली, "आणि बॉर्डरवर विचारलं की त्या देशात कुठे राहणार, तर काय दाखवशील?" आमची त्या रात्री चांगली वाजली. पण तिचं बरोबर होतं. खोट्या कारणाने घेतलेला व्हिसा रद्द करता येतो, आणि नकार किंवा रद्द झाल्याची नोंद त्यांच्या सामायिक सिस्टिममध्ये राहते, पुढच्या अर्जांच्या वेळी दिसते. २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी सुमारे अकरा लाख अर्ज गेले आणि त्यातले साधारण १५ टक्के नाकारले गेले. फी परत मिळत नाही. मोठ्या माणसाची फी ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, म्हणजे आमच्या वेळी माणशी नऊ हजार, वर अर्ज केंद्राचा चार्ज. इटलीची अपॉइंटमेंट शेवटी मिळाली, एका मंगळवारी सकाळी, कोणीतरी सोडलेली.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत, पण शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत. मुंबईत उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंटलाच मारामारी असते, म्हणून मी तरी तीन-चार महिने आधी कागद तयार ठेवायला सांगेन.

कागदांची यादी केंद्राच्या साइटवर असते, ती वाचून दाखवत नाही. यादीत न दिसणाऱ्या गोष्टी सांगतो.

एक, पासपोर्ट. शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू असावा लागतो, गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो, आणि दोन पानं कोरी. मी एक्सेलमध्ये सतरा कॉलम केले होते: भाडं, टॅक्स, हवामान, समुद्राचं तापमान. पासपोर्टच्या एक्स्पायरीचा कॉलम नव्हता. माझा पासपोर्ट कॉलेजच्या पहिल्या वर्षाला काढलेला, ९ नोव्हेंबर २०२५ ला संपत होता. १८ सप्टेंबर अधिक तीन महिने म्हणजे १८ डिसेंबर. फेल. हे बायकोने पकडलं, मे महिन्याच्या शेवटी, आणि तेही विमानाची तिकिटं काढायच्या आदल्या रात्री. ठाण्याला पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन रिन्यू केला, पोलीस पडताळणी झाली, पण तीन आठवडे माझ्या पोटात गोळा होता.

दोन, बायकोचं नाव. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलणं सक्तीचं नाही. तिचा पासपोर्ट माहेरच्या नावाने होता, तो तसाच ठेवला, तिकीट त्याच नावाने, विमा त्याच नावाने, आणि सोबत महापालिकेतून घेतलेलं विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. घोळ होतो तो अर्धवट बदलात: आधारवर नवं नाव, पासपोर्टवर जुनं, बँकेत तिसरंच. नाव बदलायचंच असेल तर परत आल्यावर निवांत बदला. आणि लग्नाची नोंदणी मात्र लग्न झालं की लगेच उरका, नंतर साक्षीदार गोळा करणं महाकठीण.

तीन, आहेर. लग्नात पाकिटं आली, ती सगळी मी खात्यात भरायला निघालो होतो. लग्नातल्या भेटींवर घेणाऱ्याला आयकर नाही, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. पण व्हिसाला गेल्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट द्यायचं असतं, आणि अर्जाच्या तोंडावर अचानक मोठी रोख रक्कम आलेली दिसली की तपासणाऱ्याला वाटतं, उसने आणून भरलेत. आम्ही प्रवासाचे पैसे पगाराच्या खात्यात आधीपासून साठवलेलेच दाखवले, आणि आहेराबद्दल कव्हर लेटरमध्ये दोन ओळी लिहून लग्नपत्रिकेची प्रत जोडली.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांसाठी चालणारा हवा. दोघांचा मिळून तीन हजारांच्या घरात आला. एवढा स्वस्त आहे की यात कंजुषी करू नका.

टॅक्स, कारण कोणीच सांगत नाही

परदेशी टूर पॅकेज घेतलं की विकणारा टीसीएस कापतो. आमच्या वेळी, म्हणजे १ एप्रिल २०२५ नंतर, दहा लाखांपर्यंत ५ टक्के होता. चार लाखांच्या पॅकेजवर वीस हजार. हा खर्च नाही, आगाऊ कर आहे. रिटर्न भरताना परत मिळतो किंवा वळता होतो. नोकरदार असाल तर कंपनीला फॉर्म देऊन (आमच्या वेळी तो १२ बीएए होता) पगारातला टीडीएस तेवढा कमी करून घेता येतो. पण तोवर तुमचे वीस हजार अडकतात. स्वतः सुटं बुकिंग केलं तर ते पॅकेज धरलं जात नाही. हे दर बजेटमध्ये बदलत असतात, त्यामुळे घेण्याआधी त्या वर्षाचा दर बघा. क्रेडिट कार्डाचा परदेशी मार्कअपही बघा. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आणि वर जीएसटी असतो.

आणि तिथे

नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. तिथे अनवाणी रोमँटिक चालणं म्हणजे शिक्षा. पाण्यात घालायचे रबरी बूट आम्ही इथूनच नेले होते, पाण्यात उतरायचे कपडेसुद्धा जपानी बाजारातून. वाळू हवी असेल तर ट्रेनने सात-आठ मिनिटांवर व्हिलफ्रांश आहे. संध्याकाळी साडेसातच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा 'कॅसल हिल'वर चढा. नावातच किल्ला आहे, किल्ला चौदाव्या लुईने १७०६ मध्ये पाडला. वर जायला पैसे पडत नाहीत आणि अख्खा उपसागर खाली पसरलेला असतो. आम्ही चारपैकी तीन संध्याकाळी तिथेच गेलो.

खाण्याची भीती शाकाहारी माणसांना असते. बायको शाकाहारी आहे. नीसमध्ये 'सोका' मिळतो: बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेला. म्हणजे आपलं बेसनाचं धिरडं, वरून मिरपूड. कॅम्प २ मध्ये सिंधी शेजाऱ्यांकडे वाढल्यामुळे बेसनाच्या पोळ्याचे दहा प्रकार खाल्लेत, हा अकरावा. इटलीत गेलं की त्याचंच नाव 'फारिनाता'. पेस्तोही जेनोवाच्याच प्रदेशातला, बटाटा आणि फरसबी घातलेला पास्ता तिथली घरगुती डिश आहे. मात्र "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे" हे पाठ करा, म्हणजे मांस नको, मासे नको. मासे वेगळे सांगावे लागतात, नाहीतर अँचोवी येते.

मोनॅकोला अर्धा दिवस पुरे. अख्खा देश दोन चौरस किलोमीटरच्या जरा वर. आपलं उल्हासनगर तेराच्या आसपास. तिथल्या बंदरातल्या बोटी बघून आम्ही स्टेशनवर परत आलो, कॉफीसुद्धा घेतली नाही.

सीमेपाशी एक लक्षात ठेवा: शेंगेन असलं तरी व्हेंतिमीलियाकडून फ्रान्सकडे येणाऱ्या ट्रेनमध्ये फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात. एक दिवसाच्या फेरीलाही पासपोर्ट जवळ हवा. आणि इटलीत प्रादेशिक ट्रेनचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड.

चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच गावं. १९९७ पासून जागतिक वारसा यादीत. तिथे राहणं महाग, म्हणून आम्ही शेजारच्या लेव्हांतोत राहिलो. तिथे किनारा वाळूचा आहे आणि गावांना जोडणारी लोकल तिथूनच सुटते. मधलं कोर्नीलिया उंचावर आहे, स्टेशनपासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या. डोंगरातल्या पायवाटांवर चपला घालून जाऊ नका, दंड होऊ शकतो.

रिओमाज्जोरे ते मानारोला अशी समुद्रावर कड्यात कोरलेली एक वाट आहे, 'व्हिया देल आमोरे', प्रेमाची वाट. एक किलोमीटरही नाही. रेल्वेच्या कामाच्या निमित्ताने ती निघाली आणि मग दोन्ही गावांतली पोरंपोरी तिथे भेटायला लागली. २०१२ मध्ये दरड पडून लोक जखमी झाले आणि ती बंद केली. कड्याला जाळ्या, बोल्ट, दरड अडवायचे छत, असं सगळं करून २०२४ च्या उन्हाळ्यात उघडली, बारा वर्षांनी. आता वेळ ठरवून वेगळं तिकीट काढावं लागतं, तेही आधी ऑनलाइन काढलेलं बरं.

आम्ही सकाळचा स्लॉट घेतला होता. लोक कुलुपांचे, नावांचे फोटो काढत होते. बायको वर कड्याकडे बघत उभी राहिली, त्या लोखंडी जाळ्यांकडे. म्हणाली, "ऑडिट नीट केलंय यांनी." मी हसलो, आणि मग दोघंही जरा वेळ काही बोललो नाही. दीड लाखाचा विषय त्यानंतर आमच्यात निघालेला नाही.

शेवटची रात्र जेनोवात का, हे विचारलं होतंत. इटलीत रेल्वेचे संप होतात, आधी जाहीर करून. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ प्रादेशिक गाड्या सोडण्याची हमी असते. विमानाच्या दिवशी छोट्या गावात अडकण्यापेक्षा मिलानला दोन तासांत पोचता येईल असं मोठं शहर बरं. संप झाला नाही, पण झोप शांत लागली.

हिशेब: विमान १ लाख ३२ हजार, राहणं १ लाख २४ हजार, व्हिसा आणि विमा २६ हजार, ट्रेन आणि तिकिटं ३१ हजार, खाणं ५८ हजार, किरकोळ आणि हॉटेलात रोखीने भरायचा शहर-कर मिळून १४ हजार. एकूण ३ लाख ८५ हजार, दोघांचे.

तुम्ही आता जाणार असाल तर एक बदल आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झालीय, पहिल्यांदा जाताना बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. त्यामुळे उतरल्यावर लगेचची ट्रेन बुक करू नका, मध्ये दोन-तीन तास ठेवा.

१९ ला दुपारी विठ्ठलवाडीला उतरलो. २१ ला तिने पानं वाढली. एक्सेलची शीट हवी असेल तर मेसेज करा, पासपोर्टचा कॉलम आता पहिला आहे. पुढच्या भागात भेटू.